पाऊण मात्रेचा हिशेब

"सूर बोटांत असतो, डबीत नसतो." गिटार वाजवणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात हे वाक्य आज ना उद्या कानावर पडतंच. कोलकात्यात लालबाजारच्या वाद्यांच्या दुकानांमध्ये ते जरा जास्तच ऐकू येतं. मध्यंतरी अशाच एका दुकानात कॉलेजातला एक मुलगा स्वस्तातलं डिले पेडल, म्हणजे छेडलेला सूर थोड्या वेळानं परत ऐकवणारी डबी, हाताळून बघत होता. त्याला यू-टू बँडचा गिटारवादक एज याच्यासारखा आवाज काढायचा होता. शेजारी उभे असलेले एक ज्येष्ठ गिटारशिक्षक त्याला हेच वाक्य ऐकवून म्हणाले, "आधी दहा वर्षं बोटं घास बाबा, मग पेडलकडे बघ." मुलानं पेडल काउंटरवर ठेवलं आणि तो निघून गेला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त छळतं.

यू-टू कोण आणि एज कोण, हे याहून जास्त सांगत बसत नाही. १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्यांनी १९८७ सालचा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तेव्हा आपल्याकडच्या किती घरांत ही मंडळी मुरली आहेत ते दिसलंच. त्यातल्या 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'ची सुरुवात ऐकली की आयुष्यात गिटारला हात न लावलेल्या माणसालाही वाटतं, दोन-तीन गिटारी एकदम चालल्या आहेत. वाजवणारा एकच असतो. उरलेल्या गिटारी म्हणजे त्याचेच सूर, थोड्या वेळानं परत आलेले.

कुठल्याही वाद्याच्या आवाजात मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो: सुराचा रंग आणि सुराची वेळ. लाकूड, तार, अ‍ॅम्प्लिफायर, बोटाचा दाब, मींड, कंप हे सगळं मिळून रंग होतो. सूर नेमका कोणत्या क्षणी येतो, ती त्याची वेळ. रंगापुरतं त्या शिक्षकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमूर तार ओढून जी मींड काढतो ती कोणत्याही पेडलमधून मिळत नाही. कोलकात्यातले गिटारवादक अमित दत्ता साध्यात साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवायला बसले तरी दोन सुरांत ओळखू येतात. पण एजचं वेगळेपण मुख्यतः वेळेत आहे, आणि तिथे ते वाक्य लागू पडत नाही. 'इट माइट गेट लाउड' या २००८ सालच्या माहितीपटात तो स्वतःच आपल्या एका गाण्यातले इफेक्ट बंद करून दाखवतो. खाली उरतात ते अगदी साधे, कोणालाही वाजवता येतील असे सूर.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. गाणं मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चाललंय असं धरू. म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. वादक अर्ध्या अर्ध्या मात्रेला एक सूर छेडतो: शून्यावर, २५० वर, ५०० वर. यंत्र लावलेलं असतं पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ वर. शून्यावर छेडलेला सूर परत येतो तो २५० आणि ५०० यांच्या बरोबर मधोमध. पुढचा सूर परत येतो त्याच्या पुढच्या फटीत. वादक मात्रेला दोन सूर वाजवतो, ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात. शिवाय फटीत येणारा सूर आत्ताचा नसतो, मागचा असतो. त्यामुळे साधी चढउतारही गुंफल्यासारखी लागते. परत येणारा सूर मूळ सुराइतकाच मोठा ठेवायचा, म्हणजे कोणता हातानं वाजवलेला आणि कोणता यंत्राचा हे कळेनासं होतं. यंत्र अर्ध्या मात्रेवर लावलं तर परत आलेला सूर पुढच्या सुरावर आदळून त्याच्याखाली झाकला जातो. पाऊण मात्रेवर तो मोकळ्या जागेत पडतो. एजच्या आवाजाचा गाभा हा एवढाच आहे, आणि तो बोटांत नाही.

मग प्रश्न पैशाचा. १९८० च्या आसपास एज वापरायचा ते इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं 'मेमरी मॅन'. त्यातल्या चिपची कल्पना १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत निघाली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसा त्या चिपमध्ये विजेचा भार एका घरातून पुढच्या घरात सरकत जातो. तिचं नावच 'बकेट ब्रिगेड' आहे. हातोहात जाताना थोडं सांडतंच, म्हणून परत येणारा सूर थोडा बोथट, थोडा मळकट होतो. पुढे एजनं कॉर्गचं 'एसडीडी-३०००' हे डिजिटल यंत्र घेतलं. आज ते जुन्या बाजारात शोधायचं, व्हॉक्सचा 'एसी-३०' अ‍ॅम्प्लिफायर आणि गिब्सनची 'एक्सप्लोरर' गिटार जोडीला घ्यायची म्हटलं, तर यादवपूरच्या मध्यमवर्गीय घराचं वर्षाचं बजेट कोलमडेल.

पण वेळ मोजायला एवढं लागत नाही. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची 'पीटी-२३९९' नावाची एक चिप आहे, कराओकेच्या माइकला घुमारा देण्यासाठी बनवलेली. कोलकात्यात चांदनीच्या बाजारात, जिथे रेडिओपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्याचे सुटे भाग मिळतात, तिथे ती शंभर रुपयांच्या आत मिळते. पूजेच्या मंडपातल्या निवेदकाचा आवाज घुमवू शकणारी हीच चिप जगभरातल्या कित्येक स्वस्त डिले पेडलांच्या पोटात असते. तिच्यातली साठवणीची जागा ठरलेली आहे. जास्त वेळ हवा तर तिला सावकाश चालवावं लागतं, आणि सावकाश चालवली की खरखर वाढते. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती चांगली वागते. आता 'स्ट्रीट्स'ची लय मिनिटाला १२६ च्या आसपास आहे. पाऊण मात्रा होते ३५७ मिलिसेकंदांची. म्हणजे स्वस्त चिप अगदी आपल्या मर्यादेवर उभी असते, आणि तिथे तिचा आवाज मळकट होतो. मेमरी मॅनचाही व्हायचा. गरिबाच्या यंत्रातला हा दोष सुरुवातीच्या एजच्या बराच जवळ जातो. ज्याला स्वच्छ आवाज हवा त्यानं थोडे जास्त पैसे घालून बॉसचं 'डीडी-३' घ्यावं. ते १९८६ साली बाजारात आलं आणि ८०० मिलिसेकंदांपर्यंत जातं. सेकंडहँड मिळालं तर उत्तमच.

रंगातलाही एक भाग फुकट मिळतो. एज ज्या नायलॉनच्या पिकनं वाजवतो, तिच्यावर बोटांची पकड बसावी म्हणून बारीक खळगे असतात. तो पिक फिरवून धरतो आणि त्या खडबडीत भागानंच तार छेडतो. सुराच्या तोंडाशी एक किंचित किरकिर उमटते, आणि परत येणारा प्रत्येक सूर तिच्यामुळे नीट कळतो. खडबडीत पकडीची नायलॉनची पिक कोलकात्याच्या कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळते. कोलकात्यातच बनणाऱ्या गिवसन किंवा हॉबनरच्या गिटारीवरही ही किरकिर तशीच निघते.

इथे ते शिक्षक म्हणतील, ही सगळी नक्कल झाली. परक्याचं यंत्र, परक्याचा आवाज, त्यात आपलं काय? हा आक्षेप या शहरात घेतला जावा याचं मला दुःख होतं. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियम घडली. खुर्चीत बसून, पायांनी भाता मारत वाजवायचं ते महागडं वाद्य. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी, म्हणजे 'द्वारकिन' कंपनीच्या संस्थापकांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जमिनीवर बसून वाजवण्याजोगं केलं. पाय काढले, भाता मागे नेऊन हाताशी दिला, पेटी सुटसुटीत आणि स्वस्त केली. महागड्या परदेशी आवाजाची परवडणारी आवृत्ती! आज आळंदीच्या वाटेवरच्या दिंडीत, गावच्या भजनी मंडळात, गाण्याच्या क्लासात जी पेटी दिसते तिचं मूळ या शहरात आहे. ती पेटी नक्कल म्हणून टाकून दिली असती तर मराठी घराघरातलं गाणं किती मुकं झालं असतं!

विरोध तेव्हाही झाला, आणि तो कोणा सामान्य माणसाचा नव्हता. रवींद्रनाथ ठाकुरांना पेटी नकोशी होती. १९४० साली आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप चुकीचा नव्हता. पेटीचे स्वर बांधलेले, तिला मींड नाही, श्रुती नाहीत. रंगाच्या परीक्षेत ती नापासच होते. तरी ती टिकली, आणि कशामुळे टिकली हे पाहायचं तर गोविंदराव टेंब्यांकडे पाहावं. भास्करबुवा बखल्यांच्या मागे पेटीवर बसायचे ते टेंबे. बांधलेल्या स्वरांच्या त्या पेटीला त्यांनी गायकाच्या मागोमाग चालायला लावलं, कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं ते शिकवलं. पेटीला अर्थ आला तो संगतीतून.

हे लिहिता लिहिता माझंच म्हणणं मला पुढे ढकलावं लागतं आहे. मुलाच्या बाजूनं एवढंच सिद्ध करायचं होतं की हा आवाज स्वस्तात निघतो. तो निघतोच. पण पेटीला जशी गायकाची संगत लागली, तशी या डबीला कोणाची लागते? ड्रमरची. आणि तिथे वरचा हिशेब उलटा करून बघावा लागतो. यंत्र ३७५ मिलिसेकंदांवर लावलंय आणि गाणं रंगात आल्यावर ड्रमर मिनिटाला १२० वरून १२४ वर गेला असं समजा. माणसाच्या हातून एवढं सहज होतं. आता पाऊण मात्रा झाली ३६३ मिलिसेकंदांची. परत येणारा सूर १२ मिलिसेकंद उशिरा पडतो, त्याचा पुढचा पडसाद २४ नं. मधोमध पडणारा सूर बाजूला सरकतो आणि अख्खी वीण लंगडते. पेडल लाखाचं असो की हजाराचं, लंगडेपण सारखंच.

तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा असतो. तो आवर्तन राखतो म्हणून तबलजी मोकळा हिंडतो. पण लेहऱ्यावरचा माणूस जिवंत असतो. तबलजीनं लय किंचित चढवली तर तो समजून घेतो, बरोबर जातो. डिले हा असा लेहरा आहे की जो कोणाचंही ऐकत नाही. गिटार, बास आणि ड्रम वाजवणाऱ्या तिघांनाही त्याच्या वेळेला बांधून घ्यावं लागतं, आणि तरीही गाणं यांत्रिक वाटता कामा नये. हे पेडल विकत घेऊन होत नाही, एकट्यानं बोटं घासूनही होत नाही. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेच्या फलकावर लॅरी मलन नावाच्या शाळकरी ड्रमरनं सूचना लावली, त्यातून यू-टू हा बँड उभा राहिला. ज्या चौघांनी पुढे नाव काढलं, तेच चौघे आजही त्याचे सदस्य आहेत. एजच्या आवाजातली महाग गोष्ट मला ही वाटते: पाऊण मात्रेला मान देणारी चार माणसं, वर्षानुवर्षं एका खोलीत.

म्हणून त्या शिक्षकांशी माझं भांडण संपत नाही, फक्त त्याची जागा बदलते. बोटं की यंत्र, हा वादच अपुरा आहे. दोन्ही बाजू एकट्या माणसाचा विचार करतात. आजची स्वस्त साधनंही नेमकी त्याच दिशेनं ओढतात. हेडफोन लावा, मोबाइलवर ड्रम चालू करा, खोलीचं दार लावा, हुबेहूब एज ऐकू येईल. पण तिथे यंत्राच्या वेळेला यंत्रच साथ करतं, आणि शिकण्यासारखं जे आहे ते बाजूलाच राहतं. कोलकात्याची परंपरा याच्या उलट आहे. १९७५ साली 'मोहिनेर घोडागुली' हा बंगाली बँड उभा राहिला तो मित्रांच्या आणि भावाभावांच्या घोळक्यातून. पार्क स्ट्रीटच्या ट्रिंकाज या रेस्टॉरंटमध्ये साठच्या दशकापासून लोकांसमोर बँड वाजत आले ते एकमेकांचं ऐकतच.

पेडल परत ठेवून गेलेल्या त्या मुलाला, आणि पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत त्याच्यासारखी जी मुलं असतील त्यांना माझं सांगणं आहे. नकलेची लाज बाळगू नका. मिळेल ते सर्वात स्वस्त डिले पेडल बिनधास्त घ्या. महागड्या पेडलसाठी साठवलेले पैसे मोडून ताशी भाड्यानं जॅमिंगची खोली घ्या, एक ड्रमर आणि एक बास वाजवणारा शोधा, आणि आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसा. पाऊण मात्रा तिघांच्या अंगात मुरेपर्यंत दुसरं काही विकत घेऊ नका.