स्थावरांमध्ये हिमालय (गीता १०.२५)



आजचा श्लोक विभूतियोगातला. भगवान म्हणतात, महर्षींमध्ये मी भृगू, वाणीत एकाक्षर ॐकार, यज्ञांमध्ये जपयज्ञ आणि स्थावरांमध्ये हिमालय.

शेवटच्या शब्दापाशी मी अडखळलो. स्थावर म्हणजे न हलणारं, असंच आपण धरून चालतो ना? स्थावर-जंगम मालमत्तेतलं स्थावर. पण हिमालय तर हलतो.

२०१९ मध्ये मी नेपाळच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत चालत गेलो होतो. तिथे स्थिर असं काही दिसलंच नाही. बेस कॅम्पचे तंबू लागतात तेच मुळी खुंबू हिमनदीवर. वर दगडगोटे, खाली बर्फ, आणि तो बर्फ सतत उताराकडे सरकतोय. रात्री कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज यायचा. खाली दूधकोशीचं पाणी पांढुरकं, कारण हिमनद्या खडक घासत येतात आणि त्या खडकाचं पीठ पाण्यात उतरतं. हेच पाणी पुढे कोशीतून बिहारमध्ये गंगेला मिळतं.

मग इतका झिजूनही तो उंच कसा? भारताचा भूपट्ट आशियाच्या खाली घुसतोय, वर्षाला साधारण ४-५ सेंटीमीटर. आपली नखं वाढतात ना, जवळपास त्या वेगाने. ही टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक एकेकाळी समुद्राचा तळ होता, त्यात सागरी जीवांचे अवशेष सापडतात. पर्वत आजही वर्षाला काही मिलिमीटर वर येतोय.

अर्थात हे सगळं शांतपणे होत नाही. दोन भूपट्ट एकमेकांत अडकून राहतात, ताण साठतो आणि मग एकदम सुटतो. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेच्या भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे मीटरभर वर उचलला गेला. पुमोरीच्या बाजूने हिमलोट बेस कॅम्पवर आला, माणसं गेली. भगवंतांनी विभूती म्हणून सांगितलेला पर्वत असाही आहे. हे मला अजून पचलेलं नाही, आणि उगाच गोड करून सांगायचंही नाही.

प्रवचनात हे भूगर्भशास्त्र कशाला? गेल्या वर्षी बाबा गेले आणि माझा जप जवळजवळ सुटला. बारा वर्षं माळ ओढूनही मन एवढं हादरतं, तर ती साधना कसली, असं वाटायचं. मला न हलणारं मन हवं होतं. पण स्थावर शब्दातला धातू आहे 'स्था', उभं राहणं. हिमालय सरकतो, झिजतो, हादरतो, आणि उभा असतो. शिवाय भगवंतांनी त्याला श्लोकात बसवलंय ते जपयज्ञाच्या अगदी शेजारी. हे माझं वाचन आहे, टीकाकारांच्या नावावर खपवत नाही. पण वर्षाला काही मिलिमीटर, ही त्याची माळच म्हणायची की!

आज पहाटे बाबांची तुळशीची माळ घेऊन बसलो. विसाव्या-बाविसाव्या मण्यालाच सकाळची मीटिंग आठवली, मग हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर. बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग पुढचा मणी ओढला.

राम कृष्ण हरी.