चेसिसची छाप

मार्च 2025 मध्ये आमच्या वॅगन आरची पंधरा वर्षं भरली. आता एक तर पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं रिपासिंग, नाही तर एक्स्चेंज. "बाबा, ठरलं का?" मुलाचा पुण्याहून रोज फोन. शेवटी शोरूमचा पोरगा सिडकोत घरी आला. बॉनेट उघडलं, दारं ठोकली, टायरवर नख रोवलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात कंपनीचं राहिलंय काय?"

मी मोजू लागलो. क्लच दोनदा, रेडिएटर एकदा, बॅटरी चौथी, टायर तिसरे. पुढचा बंपर जालना रोडवर रिक्षाने नेला.

मला हसू आलं. मिलिंद महाविद्यालयात मी जन्मभर पाली शिकवली ती हाच प्रश्न विचारत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली काढलेल्या या कॉलेजला ग्रीक राजाचं नाव, आणि परिसराला त्याला कोड्यात पाडणाऱ्या भिक्खूचं: नागसेनवन. राजा रथातून आला होता. आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, नागसेन विचारत गेला आणि राजा नाही म्हणत गेला. मग रथ कुठाय, महाराज? शेवटी राजालाच कबूल करावं लागलं, की या सगळ्याच्या आधाराने रथ हे नुसतं नाव चालतं. "सर, रथच नाही तर हप्ता कशाचा?" असं एका पोराने विचारलं होतं. मी त्याला गप्प बसवलं. चुकलंच माझं.

कारण आरटीओकडे याचं उत्तर आहे. गाडी म्हणजे चेसिस नंबर. इंजिन बदला, रंग बदला, आरसीत नोंद करा, गाडी तीच. मिलिंदाने हे उत्तर दिलं असतं, तर नागसेनाने विचारलं असतं, नुसत्या चेसिसवर बसून पैठणला जाल का?

आमच्या औरंगाबाद शहराचंही नाव बदललं. पासिंग मात्र एमएच-20च.

मग मला सोडवत नव्हतं ते काय? आईला रात्री दोन वाजता घाटी रुग्णालयात नेलं ते मागच्या सीटवर, असं मी मुलाला सांगत होतो. सांगता सांगता आठवलं, ती सीट नंतर नव्याने शिवून घेतलीय. आई बसली होती तो फोम कधीच गेला. थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही.

तेव्हा आठवणीचं कारण मी सोडून दिलं. खरं कारण बरंच साधं निघालं. उस्मानपुऱ्यातला मिस्त्री म्हणाला, "सर, इंजन मक्खन है." मला भाजीला, वाचनालयात आणि पौर्णिमेला लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जायचं असतं. शिवाय माझं लायसनही या वयात पाचच वर्षांचं मिळतं. नवी गाडी घेतली, तर तिच्या पंधरा वर्षांत माझी किती?

रिपासिंगला नेली. साहेबांनी चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे एकेक वर आले. एक मात्र गंजामुळे उमटेना. त्यांनी रुमालाने जागा पुसली आणि पुन्हा घासायला घेतलं.