दुसरा हात

‘बुंदसे गयी वो हौदसे नहीं आती’ ही म्हण आपण मराठी माणसांनी इतकी मनापासून उचलली आहे की, ती मुळात आपली नाही हेही आपल्या ध्यानात राहिलेले नाही. सांडलेल्या अत्तराचा एक थेंब बोटाने टिपणाऱ्या धन्याने पुढे हौदभर अत्तर भरले, तरी गेलेली अब्रू परत आली नाही, अशी तिची गोष्ट सांगतात. लग्नातल्या रुसव्यापासून राजकारणातल्या पडझडीपर्यंत ती कुठेही चपखल बसते. तिच्यातला निवाडा मात्र फार कठोर आहे. एकदा डाग पडला की पडला! हा कायदा न्याय्य आहे का, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. आणि मौज अशी की, त्याचा थोडाफार उलगडा मला झाला तो रंगांच्या बाटल्यांपाशी.

चाळिशी उलटल्यावर मी रंग हाती घेतले. या वयात नवे काही शिकू पाहणाऱ्याला लोक हसतात; पण शाळामास्तराला हसू सोसण्याची सवय असते. पहिला प्रश्न आला तो रंगांच्या निवडीचा. पाण्यात कालवायच्या रंगांच्या दोन जाती आहेत. एक पारदर्शक. तिच्यात उजेड म्हणजे कागद. उजेड हवा असेल तेथे कागद कोरा सोडायचा, किंवा पातळ रंगाखालून तो दिसू द्यायचा. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने त्याला आडोसा करणारी स्त्री त्यात आहे, आणि ते चित्र जलरंगातले आहे. असल्या कामात चुकलेला फटकारा बहुधा कायमचा. थेंबाने गेले ते गेले.

दुसरी जात अपारदर्शक रंगांची. पाश्चात्त्य चित्रकार तिला गुआश म्हणतात. रंगाची पूड, डिंक आणि पाणी हीच सामग्री येथेही असते. पण पूड अधिक, आणि कित्येकदा खडूसारखे पांढरे द्रव्यही मिसळलेले, त्यामुळे वरचा थर खालच्याला झाकतो. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या पिशवीतल्या पोस्टर कलरच्या बाटल्या म्हणजे याच घराण्यातली धाकटी पाती. या रंगात काळ्यावर पांढरे काढता येते. आधी रात्र रंगवून मग तिच्यात चांदण्या घालता येतात. आणि बिघडले, तर वरून दुसरा हात देता येतो. भिंती रंगवणारे कारागीर रंगाच्या थराला ‘हात’ म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो.

ही सवलत ऐकली की नवशिक्याला वाटते, आता चिंता मिटली. पण रंग इतका भोळा नाही. त्याच्या अटी आहेत. खालचा थर पुरता वाळला पाहिजे. ओल्यावर दुसरा रंग नेला की दोन्ही मिळून चिखल होतो. वाळलेला थरही पाणी लागताच पुन्हा विरघळतो, म्हणून वरचा रंग पातळ बासुंदीइतका दाट असावा आणि कुंचला हलक्या हाताने एकदाच फिरवावा. घासत बसले की खालचा रंग वर येतो. फार जाड लावला तर वाळल्यावर भेगा जातात. शिवाय ओला रंग दिसतो तसा वाळत नाही. फिके रंग वाळल्यावर जरा गडद होतात, गडद रंग जरा फिके. यासाठी शेजारी एक चिठोरे ठेवावे, त्यावर पट्टा ओढून तो वाळू द्यावा, मगच चित्राला हात लावावा. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक कुंचला धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाण्याचे. सुरुवातीला पांढरा, काळा, पिवळा, लाल आणि निळा एवढे पाच रंग पुरेत. कागद जाड हवा. पातळ कागद पाण्याने फुगतो. या यादीत कौशल्याच्या अटी थोड्या आहेत. बहुतेक अटी धीराच्या आहेत.

झाकणे म्हणजे लबाडी, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडची मोगल, राजपूत आणि पहाडी लघुचित्रे याच अपारदर्शक रंगांत झाली. ते चितारी कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून वसली करीत, तिच्यावर रेखाटन करीत, आणि मग त्यावर पांढऱ्याचा एक पातळ हात देत. त्यातून जुनी रेघ पुसट दिसे. तिच्या आधाराने नवी, नेमकी रेघ निघे. मग रंगांचे थर, आणि चित्र पालथे घालून अकीकाने केलेली घोटाई. गुलेरच्या नैनसुखाच्या (सुमारे १७१०–१७७८) परंपरेतले एखादे चित्र पाहताना, त्या रेखीव चेहऱ्यांखाली चाचपडणाऱ्या रेघाही असू शकतील, हे आपल्या मनातसुद्धा येत नाही. पहिली रेघ तेथे नाहीशी झालेली नसते. दुसरीला वाट दाखवून ती खाली राहिलेली असते.

तरीही त्या आक्षेपात तथ्य आहे. दिवाळीच्या आधी ओल आलेल्या भिंतीला आपण चुन्याचा हात देतो. पाहुणे येऊन जाईपर्यंत भिंत शुभ्र दिसते. पुढल्या पावसात तोच डाग तोच आकार घेऊन परत येतो, कारण पाणी मुरत असते ते छपरात. रंगांतही काही गुलाबी आणि जांभळे असे चिवट असतात, की त्यांच्यावर पांढऱ्याचे दोन हात दिले तरी गुलाबी झाक वर येतेच. आणखी एक गोष्ट. बिघडलेल्या जागेपुरते ठिगळ लावू गेले, तर ठिगळच डोळ्यांत भरते. काल कालवलेला रंग आज हुबेहूब जुळत नाही. मग तो सबंध भाग पुन्हा रंगवावा लागतो. मला वाटते, झाकणे आणि सुधारणे यांतला भेद येथे आहे. ठिगळ लावणाऱ्याला डाग दिसू नये एवढेच हवे असते; सबंध आकाश पुन्हा रंगवणाऱ्याला आकाश हवे असते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची गणिताची वही कधीही पाहावी तर स्वच्छ. खाडाखोड म्हणून नाही. पण वर्ष सरत गेले तशी ती बारीक होत गेली. चुकलेले पान तो फाडून टाकी. एक पान फाडले की वहीच्या दुसऱ्या अंगाचे त्याचे जोडपान सुटे होते, आणि तेही केव्हातरी गळून पडते. अशा रीतीने बरोबर सोडवलेली गणितेही गेली. पुढे पुढे त्याने लिहिणेच सोडले. विचारले तर म्हणे, “पण सर, चुकलं तर?” अत्तराच्या हौदाचा कायदा त्या पोराने आपल्या दहा वर्षांच्या आयुष्याला लावून घेतला होता. ज्या घरात आणि ज्या वर्गात दुसरा हात देण्याची मुभा नसते, तेथे मुले पाने फाडायला शिकतात, नाहीतर कोरी ठेवायला.

मोठ्यांचे काय? दारू सोडून दहा वर्षे झालेल्या माणसाची ओळख गाव अजून ‘तो दारुडा’ अशीच करून देते. त्याने रोज संयमाने दिलेला एकेक हात गावाला दिसत नाही. गाव नखाने खरवडून खालचा रंग दाखवते. याला मी न्याय म्हणणार नाही. मात्र एक प्रश्न उरतो, आणि रंग त्याला पुरे पडत नाहीत. चित्र माझे असेल, तर त्यावर दुसरा हात देण्याचा हक्क माझा. पण डाग मी दुसऱ्याच्या कागदावर पाडला असेल, तर तेथे कुंचला त्याच्या हातात असतो. त्या दारुड्याच्या बायकोने ती वर्षे विसरावीत, असे सांगण्याचा अधिकार ना गावाला, ना त्याला. त्याने आपला कागद सुधारावा आणि तिच्या कागदापाशी मुकाट्याने थांबावे.

वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा आपण पिढ्यान्पिढ्या मुलांना सांगतो. त्यात आपण वाल्याला पुसून टाकलेले नाही. दोन्ही नावे एका दमात घेतो. रामकथा सांगणाऱ्याचे थोरपण त्या पहिल्या नावाने उणे होत नाही. बुंद आणि हौद यांच्या म्हणीशेजारीच आपल्या घरांत ही कथाही नांदत आली आहे, हे आपले भाग्यच म्हणायचे.

पणत्या आणि आकाशकंदील रंगवून उरलेल्या बाटल्या या दिवसांत घरोघर असतील. टोपणे घट्ट लावली नाहीत तर रंग आटून खडा होईल. त्याआधी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, समोर एखादे सीताफळ ठेवा आणि सुरुवात करा. पहिला हात बिघडला तर कागद फाडू नका. चहा होईपर्यंत तो वाळेल.