दोन सेकंदांचा निवाडा

दिवाळीत मुलांच्या हाती येणारं जुनं पिस्तूल पत्र्याचं असे. लाल नाहीतर निळा रंग, कडेचे उडालेले पोपडे, खटका दाबला की पुढे सरकणारी टिकल्यांची फीत, ‘फट्’ असा आवाज आणि बोटांना राहणारा दारूचा वास. शंभर पावलांवरूनही ते खेळणंच दिसे. आज जत्रेत, आठवडे बाजारात किंवा घरबसल्या मोबाईलवर जे मिळतं ते वेगळं आहे. काळंभोर अंग, हातात घेतल्यावर जाणवणारं वजन, मागेपुढे सरकणारी स्लाइड, मुठीतून बाहेर निघणारं मॅगझिन. त्यातलं एखादं सिगारेट पेटवायचं लायटर असतं, एखादं छर्रे उडवणारी एअरगन, तर एखाद्यातून काहीच उडत नाही. ते कमरेला खोचून वाढदिवसाच्या केकमागे उभं राहायचं, रील काढायची, स्टेटस ठेवायचं आणि तसंच मोटारसायकलवर बसून हायवेला लागायचं, ही हौस आता गावोगावी दिसते. नकली आहे, कुणाला काय होणार, असं म्हणून घरचेही ती सोडून देतात. या हौसेत जीव जाऊ शकतो आणि तो बहुधा हौस करणाऱ्याचाच जातो, हे मला या लेखात मांडायचं आहे.

खानदेशात ही गोष्ट अधिकच गंभीर होते. नशिराबादचंच उदाहरण घ्या. ते जळगाव आणि भुसावळ यांच्यामधलं, राष्ट्रीय महामार्गावरचं गाव. दिवसरात्र ट्रक, एसटी, रिक्षा आणि दुचाकींची वर्दळ असलेला हा पट्टा बंदुकीला अनोळखी राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये भुसावळला एका नगरसेवकासह त्याच्या कुटुंबावर हल्ला झाला आणि पाच जणांचा बळी गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटून घरी निघालेल्या एका तरुणाचा नशिराबादजवळच गोळ्या झाडून खून झाला. मे २०२४ मध्ये भुसावळलाच एका माजी नगरसेवकासह दोघांना गाडीत बसलेले असताना गोळ्या घातल्या गेल्या. उत्तरेला, चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातलं उमर्टी हे गाव गावठी कट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं पोलिसांच्या नोंदीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपड्याचं पोलीस पथक तिथं कारवाईला गेलं, तेव्हा पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेण्यात आलं. नंतर त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी उमर्टीत छापा घालून कट्टे बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कट्टा किती सहज फिरतो हे इथल्या पोलिसाला कुणी सांगावं लागत नाही.

आता या कट्ट्याकडे जवळून पाहा. तो भट्टीवर घडवलेला, कानशीने घासलेला असतो. सांधे ओबडधोबड, मुठीला लाकडाची नाहीतर प्लास्टिकची पट्टी. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर कारखान्यात ओतलेलं नकली पिस्तूल अस्सल वाटेल आणि माणूस मारणारा कट्टा खेळण्यासारखा दिसेल. म्हणजे आपल्या भागात नजरेचा अंदाज दोन्हीकडून फसतो. नकलीला अस्सल समजलं तर निरपराध माणूस जातो. अस्सलला नकली समजलं तर पोलीस जातो. असा पेच ज्याच्यासमोर येतो, तो कोणता धोका पत्करेल हे उघड आहे.

शिवाय बंदूक समोर आली की माणसाची नजर नेहमीसारखी राहत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना गल्ल्यावर चेक देणाऱ्या माणसाची चित्रं दाखवली, तर काहींना त्याच माणसाच्या हातात बंदूक असलेली. बंदूक पाहणाऱ्यांचे डोळे पुन्हा पुन्हा तिच्यावरच खिळत होते आणि तो माणूस त्यांना नंतर नीट ओळखता येत नव्हता. म्हणून समोरच्याचं वय, चेहऱ्यावरचं हसू, थट्टेचा सूर या जीव वाचवू शकणाऱ्या खुणा नेमक्या त्याच क्षणी नजरेआड होतात.

शस्त्राची पारख प्रत्यक्षात कधी होते, ते दोन घटनांतून दिसतं. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनसाठी आलेल्या १७ मुलांना एका माणसाने ओलीस ठेवलं. पोलीस न्हाणीघराच्या वाटेने आत शिरले, गोळी झाडली गेली, मुलं सुखरूप सुटली आणि तो माणूस मेला. त्याच्याकडे सापडली ती एअरगन. तो निरपराध नव्हता आणि मुलांचा जीव पणाला लागला होता, त्यामुळे हौशी पोराची तुलना त्याच्याशी करता येणार नाही. पण एवढं दिसतं, की शस्त्र किती प्राणघातक आहे याचा तपास गोळी सुटल्यानंतर होतो, आधी होऊ शकत नाही. निरपराधाच्या बाबतीत काय होतं, ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराने पाहिलं. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी बारा वर्षांचा तामिर राइस बागेत नकली पिस्तूल घेऊन खेळत होता. तिथल्या नियमानुसार खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण लागते. त्याच्या पिस्तुलाची ती खूण नाहीशी झालेली होती. फोन करणाऱ्याने ‘बहुधा नकली असावं’, ‘बहुधा लहान मुलगा असावा’ असं सांगितलंही होतं, पण हे शब्द गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाहीत. गाडी थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा दगावला.

आपला कायदा या वस्तूला ओळखतो, पण अर्धवट. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘नकली अग्निशस्त्र’ हा शब्द आहे. कलम ६ प्रमाणे त्याचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करायला परवाना लागतो आणि कलम २८ प्रमाणे अटक टाळण्यासाठी ते वापरलं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते कमरेला लावून बाजारातून फिरण्याबद्दल ही कलमं काही बोलत नाहीत. सणासुदीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली शस्त्रबंदी लागते. त्यात भर आहे तो शारीरिक इजा करू शकणाऱ्या वस्तूंवर. जे इजा करत नाही, फक्त भीती घालतं, ते या जाळीतून निसटतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवान्यातून सूट दिली, ती तिच्या ताकदीकडे बघून. तिच्या रूपाकडे कुणी बघितलं नाही. खरं तर भीतीचं वजन न्यायालयाने केव्हाच मान्य केलंय. फूलकुमार खटल्यात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की लुटताना शस्त्र दाखवून दहशत बसवणं हाही शस्त्राचा वापरच आहे. विमानातल्या हातसामानात तर खेळण्यातलं पिस्तूलही चालत नाही, कारण तिथं शंकेला जागा ठेवून भागत नाही. महामार्गावरच्या भरल्या एसटीत ती शंका कमी घातक कशी?

यावर पहिला आक्षेप येईल, की गोळी पोलीस झाडतो, मग दोष पोराच्या माथी का? आक्षेप खरा आहे. पोलिसांना थांबण्याचं, आडोसा घेण्याचं, आधी पुकारण्याचं प्रशिक्षण मिळालंच पाहिजे आणि चुकीच्या गोळीचा जाब विचारलाच पाहिजे. तामिरच्या खेळण्यामुळे कुणाचा गुन्हा माफ होत नाही. पण जाब नंतर विचारला जातो, जीव आधी जातो. शिवाय बंदूक पाहणारा दर वेळी पोलीसच असेल असं नाही. भेदरलेला दुकानदार, जुन्या भांडणातला गडी किंवा चवताळलेला जमाव यांना कुठलं प्रशिक्षण देणार? दुसरा आक्षेप असा, की ज्याला गुन्हा करायचाय तो खरा कट्टा आणेल. आणेलही. पण हुबेहूब नकली बंदुकांना आवर घालणारा नियम त्याच्यासाठी नाहीच. ज्याला गुन्हा करायचा नाही, त्याला गुन्हेगारासारखं दिसण्यापासून वाचवण्यासाठी तो आहे. तिसरा आक्षेप मुलांच्या खेळाचा. चोर-पोलिसाचा खेळ कुणी हिरावून घेऊ नये. खेळाला पिस्तूल लागतं. ते अस्सल दिसावं असं कुठं लागतं?

उपाय यातूनच निघतो. खरं-खोटं ओळखण्याचं ओझं पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकायला नको, ती ओळख वस्तूच्याच अंगावर हवी. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हेच केलं. ऑक्टोबर २००७ पासून तिथं हुबेहूब नकली बंदुका बनवायला, विकायला आणि आयात करायला बंदी आहे. भडक लाल, पिवळ्या, हिरव्या, गुलाबी अशा रंगांची, पारदर्शक किंवा अगदीच लहान आकाराची खेळणी चालतात. नाटक-सिनेमासाठी आणि ऐतिहासिक प्रसंग उभे करणाऱ्यांसाठी सवलत आहे. फक्त टोकाला खूण लावून भागत नाही, कारण टोक तोडता येतं, झाकता येतं. रंग सगळ्या अंगाला हवा. तो कुणी काळा रंगवून मिरवू लागला, तर त्या रंगवण्यातूनच त्याचा हेतू उघड होईल. आपल्याकडे केळीच्या बागेतून माकडं हाकायला एअरगन लागत असेल, तर ती शेतात राहावी आणि नेताना-आणताना पिशवीत बंद असावी. शोभायात्रेतल्या देखाव्यातली बंदूक आयोजकांनी मोजून द्यावी, मोजून परत घ्यावी. कायदा होईपर्यंत दुकानदार हुबेहूब नकली बंदूक न मांडता राहू शकतो, मंडळ रीलमध्ये ती न घेता राहू शकतं आणि घरातलं मोठं माणूस पोराच्या कमरेकडे बघून ‘हे काढून ठेव’ असं उंबरठ्यावरच म्हणू शकतं.

तेवढ्याला वेळ लागत नाही, पण वेळ असतो. उंबरठ्यावर बोलायला, समजवायला, रुसवा काढायलाही सवड असते. टोलनाक्यावरच्या अंधारात टॉर्चच्या झोतात काळी नळी चमकली, की ती सवड संपते आणि निवाडा घाबरलेल्या माणसाच्या बोटावर जातो. लाल पत्र्याचं ते पिस्तूल मुलाच्या वतीने दुरूनच सांगत असे, की मी खेळणं आहे. आपल्या मुलांच्या हातात पुन्हा असंच काहीतरी असू दे.