भूक जास्त लागते त्या दिवशी

लालबागच्या चिवडा गल्लीत तळलेल्या पोह्यांचा, शेंगदाण्यांचा, मसाल्याचा वास नाकात शिरतो. या वस्तीत राहून वजन उतरवणाऱ्याला खरं तर शौर्यपदकच द्यायला हवं! डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेलं दोन वेळांचं जेवण कित्येकजण इथे नेमानं पाळतात. आणि एखाद्या दिवशी पोटात अशी आग पडते की दोन्ही जेवणं कमी पडावीत.

अशा वेळी आधी आदली रात्र आठवावी. झोप अपुरी झाली की भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, तृप्ती कळवणारं लेप्टिन घटतं. पाळी जवळ आली की अनेक बायकांची भूक वाढते. तेव्हा ‘किती खातेस!’ असं म्हणणाऱ्यानं गप्प बसावं. त्या दिवशी भाकरी, मुगाची उसळ, वाटीभर दही असं पोटभर जेवावं. साबुदाणा खिचडीवर भागवू नये. तिच्यात बहुतेक पिष्टच, भूक लवकर परतते. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र भूक अंगावर काढू नये. हात थरथरले, घाम फुटला, तर आधी साखर तोंडात टाकावी. डाएटचं नंतर बघू.