जमीन मिळाली, मग पुढं काय?

पंधरा सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतो आणि खाली चौकात दाटलेल्या गर्दीसोबत स्वातंत्र्याच्या घोषणा देतो. १८१० साली दोलोरेस गावच्या मिगेल हिदाल्गो या पाद्र्यानं चर्चची घंटा वाजवून रयतेला स्पॅनिश अमलाविरुद्ध उठवलं, त्याचं हे स्मरण. २०२५ साली ही घंटा पहिल्यांदाच एका बाईंनी, क्लॉडिया शीनबाम यांनी वाजवली. सोळा तारीख त्यांचा स्वातंत्र्यदिन. सतराला सकाळी आमच्या लोह्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो. हा योगायोगच, त्यातून सिद्ध काही होत नाही. पण झेंडा चढल्यानंतर काय झालं, या प्रश्नावर या दोन मुलखांचं बोलणं एकमेकांना चांगलं कळावं, असं मला वाटत आलं आहे.

हिदाल्गोला दुसऱ्याच वर्षी गोळ्या घातल्या. १८२१ मध्ये स्पेनची सत्ता गेली, मात्र हासिएंदा नावाच्या हजारो एकरांच्या जहागिऱ्या होत्या तिथंच राहिल्या. मालकाच्या दुकानातूनच उधारीवर माल घ्यायचा आणि ते कर्ज बापाकडून लेकाकडे जायचं, ही तिथली रीत. युकातान भागात याच रीतीनं घायपाताचे मळे उभे राहिले. घायपात, आमच्याकडं ज्याला केकताड म्हणतात, ते मूळचं मेक्सिकोचंच. आपल्या बांधावर ते कुंपण म्हणून आलं आणि त्याच्या वाखाचे कासरे-दावी वळून मांग समाजातल्या कित्येक पिढ्यांनी बलुतं मागितलं. तिकडं त्याच वाखानं मूठभर घराणी गबर झाली. वाख तोच, आणि तो काढणाऱ्याच्या हाताला आलेले घट्टेही तेच.

१९१० ची मेक्सिकन क्रांती या जमिनीसाठी झाली. पोर्फिरिओ दियाझ पस्तीसेक वर्षं सत्तेत मुरलेला होता. रेल्वे आली, खाणी आल्या, परदेशी भांडवल आलं, आणि गावांच्या सामायिक जमिनी मोठ्या मालकांच्या कुंपणात गेल्या. दक्षिणेत मोरेलोस प्रांतात एमिलियानो झापाता उभा राहिला, तो गावाचे जुने जमिनीचे कागद सांभाळणारा माणूस होता. आमच्याकडं जुनी सनद पेटीत जपून ठेवणारे म्हातारे असतात, त्यांना हा गडी लगेच ओळखू येईल. १९१९ साली त्याला दग्यानं मारलं. पण त्याआधी ५ फेब्रुवारी १९१७ ला नवी राज्यघटना झाली होती आणि तिच्या २७ व्या कलमानं जमीन व जमिनीखालचं धन मुळात राष्ट्राचं ठरवलं होतं. ते कलम खऱ्या अर्थानं राबवलं लाझारो कार्देनास या राष्ट्राध्यक्षानं. १९३४ ते १९४० या सहा वर्षांत त्यानं सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली. सगळा महाराष्ट्र ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र वाटण्यासारखं ते काम होतं. १९३८ साली त्यानं परदेशी कंपन्यांकडून तेलही काढून घेतलं.

ही जमीन 'एहिदो' म्हणून गावाला मिळे. कसणारा कुटुंबप्रमुख, पण विकायचा किंवा गहाण टाकायचा अधिकार नाही. आपल्या सात-बाऱ्यावरच्या 'भोगवटादार वर्ग २'ची आठवण यावी, असा हा प्रकार. हैदराबाद राज्यात पोलिस ॲक्शननंतर १९५० चा कूळ कायदा झाला. कुणाला जमीन मिळाली, कुणाची कागदावरच राहिली, आणि हाडोळ्याच्या जमिनी कशा हातोहात गेल्या, ते मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह उभारले. कंधारचे भाई केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षाचा लाल झेंडा घेऊन विधानसभेत गरजत राहिले. म्हणजे आपण रिकाम्या हातानं बसलो नव्हतो. तरी कार्देनाससारखा धडाका इथं झाला नाही, हे मान्य केलं पाहिजे.

याच मेक्सिकोत, याच जमीनवाटपाच्या काळात वर्ध्याचा एक मराठी माणूस शेतकऱ्यांच्या शाळा काढत हिंडत होता. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीच्या आरंभीच्या माणसांपैकी ते एक. अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेतलं, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढायला गेले, तिथून युरोप, आणि इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद केल्यावर १९२४ साली मेक्सिको. चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते प्राध्यापक झाले. या शाळेची इमारत ही एक जुनी हासिएंदा. क्रांतीनं जहागीरदाराच्या वाड्यात शेतीची शाळा भरवली, आणि माणसाला नव्हे तर जमिनीला राबवायला शिकवावं, अशा अर्थाचं ब्रीद तिला दिलं. तिथल्या प्रार्थनाघराच्या भिंती दिएगो रिवेरानं चितारल्या आहेत. जगातल्या उत्तम भित्तिचित्रांत त्यांची गणना होते.

खानखोजेंना वर्गात शिकवून समाधान नव्हतं. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला बियाण्याची निवड, मातीची पारख, जोडधंदा यातलं काहीही कुणी शिकवलेलं नाही, हे त्यांना दिसत होतं. पिढ्यानपिढ्या ज्याला हुकमाप्रमाणे राबवलं, त्याच्या हाती एकदम निर्णय आला होता. म्हणून १९२८ च्या सुमारास चापिंगोच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी 'मुक्त कृषी शाळा' सुरू केल्या. फी नाही, इमारतीचा थाट नाही, गावातल्याच रानात शिकणं. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती त्यांच्या कामाची छायाचित्रं काढत असे. रिवेरा तर त्यांचा मित्र होता. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यानं रंगवलेल्या 'आमची रोजची भाकरी' या अर्थाच्या चित्रात खानखोजे दिसतात. मक्यावर त्यांनी पुष्कळ संशोधन केलं. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते आणि शेतातला मका यांचा संकर करून पाहिला. म्हणजे त्यांनी हात घातला तो थेट मेक्सिकोच्या देव्हाऱ्यालाच, कारण तिथल्या जुन्या पुराणांत माणूस मक्याच्या पिठापासून घडवला गेला आहे.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाल्यावर ते नागपूरला परतले आणि १९६७ साली तिथंच गेले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी चरित्र लिहिलं, म्हणून ही कहाणी टिकली. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते बसला. आपल्याकडं मात्र कृषी पदवीधराला विचारा, बहुधा तो हे नाव पहिल्यांदाच ऐकत असेल.

त्या पदवीधराला दुसरं एक नाव पक्कं ठाऊक असतं, ते नॉर्मन बोरलॉग. तेही मेक्सिकोतच घडलं. १९४४ साली बोरलॉग तिथं पोहोचले, उत्तरेच्या सोनोरा प्रांतातल्या बागायती शेतांत बुटक्या गव्हाची वाणं तयार झाली आणि १९६६ साली भारतानं १८,००० टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं बोटींनी आणलं. देशाचं पोट भरलं, यात वाद नाही. आज त्या गव्हाची जागतिक संस्था तेस्कोकोत आहे, चापिंगोपासून अगदी जवळ. एकाच परिसरात शेतकऱ्याचं भलं करण्याच्या दोन वाटा निघाल्या. एक म्हणाली, चांगलं बी आणि खत द्या. दुसरी म्हणाली, शेतकऱ्यालाच बी निवडायला शिकवा. पहिली वाट पाणी असलेल्या मोठ्या जमीनदाराला मानवली. मेक्सिकोत सोनोरा पुढं गेला, दक्षिणेचा कोरडवाहू मका मागं पडला. भारतात पंजाब पुढं गेला आणि कंधार-लोहा-मुखेडचं बालाघाटी माळरान होतं तिथंच राहिलं. बोरलॉगना १९७० चं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. चूक आपली झाली, की आपण एकच वाट धरली.

क्रांतीतून निघालेला पक्ष मेक्सिकोत १९२९ पासून २०००पर्यंत, सलग ७१ वर्षं सत्तेवर होता. त्यानं बंडखोरांना सरकारी नोकरी दिली, शेतकरी संघटनांना अनुदान दिलं आणि उरलेल्यांना चोप. १९६८ च्या २ ऑक्टोबरला मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा दिल्लीत राजदूत असलेल्या ऑक्ताव्हियो पाझ या कवीनं त्या निषेधार्थ पद सोडलं. राजदूत कवी असण्याचा हाही एक फायदा म्हणायचा. १९९२ साली त्याच पक्षानं २७ वं कलम बदललं, जमीनवाटप थांबवलं आणि एहिदोची जमीन विकायची वाट मोकळी केली. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका-कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच पहाटे चियापासच्या आदिवासींनी झापाताचं नाव घेऊन बंड केलं. त्यांची भीती अनाठायी नव्हती. अनुदानावर पिकलेला अमेरिकन मका आला. आज मक्याचा हा मायदेश दरसाल २ कोटी टनांहून अधिक मका अमेरिकेकडून घेतो. त्यातला बहुतेक पिवळा, जनावरांच्या खाद्याचा. भाकरीचा पांढरा मका अजून बराचसा घरचा आहे, ही त्यातली समाधानाची बाजू.

त्या भाकरीबद्दल थोडं सांगायला हवं. तिथं मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घालतात, मग वाटतात. त्यामुळं मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपनं मका नेला, चुना नेला नाही, आणि इटलीच्या गरिबांत पेलाग्रा हा कातडीचा, डोक्याचा रोग पसरला. हाच रोग आपल्याकडं दक्षिणेत ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत आढळला, तेव्हा हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचं कारण ज्वारीतल्या प्रथिनांत शोधलं. पीक परमुलखातून आणता येतं, त्याच्यामागचं शहाणपण आपोआप येत नाही. बायकांच्या हातातलं ते ज्ञान कुणी पोत्यात भरत नाही.

जमीन पोसेना म्हटल्यावर माणसं निघाली. ती आधीपासूनच निघत होती. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेनं 'ब्रासेरो' नावाच्या योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर कराराने नेले. पहिल्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापले, आणि पुष्कळांच्या हाती ते पैसे कधी पडलेच नाहीत. ही गोष्ट लोहा-मुखेडच्या एखाद्या ऊसतोड कोयत्याला सांगून पाहा. तो मध्येच थांबवून विचारील, मुकादम कोण होता? आपल्याकडं उचल आधी मिळते आणि ती फेडताना हंगाम सरतो. तिकडं कापलेलं नंतर मिळायचं होतं. दिवाळी सरताच तांड्यांवरची घरं कुलूपबंद होऊन टोळ्या कारखान्यांकडे निघतात, म्हाताऱ्यांजवळ पोरं राहतात. मेक्सिकोत ओहाका, मिचोआकान या प्रांतांत अशी म्हाताऱ्यांची गावं पडली आहेत. फरक असा की तिथल्या गड्याला हद्द ओलांडावी लागते आणि तो दहा-दहा वर्षं परतत नाही. २००७ च्या सुमारास अमेरिकेत मेक्सिकोत जन्मलेली सव्वा कोटी माणसं होती. २०२३ साली परदेशातून घरी आलेला पैसा ६३ अब्ज डॉलरच्या वर गेला. तिथं याची राष्ट्रीय यश म्हणून जाहिरात होते. मला ते यश वाटत नाही. तरण्या माणसांची निर्यात करून गावाच्या चुली पेटत असतील, तर जमीनवाटप अर्धवट राहिलं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अर्धवट राहिलेल्या जागेत गुंडांच्या टोळ्या शिरल्या. २००६ च्या अखेरीस सरकारनं अमली पदार्थांच्या टोळ्यांवर लष्कर घातलं, तेव्हापासून बेपत्ता माणसांची सरकारी नोंद लाखाच्या पुढं गेली आहे. २६ सप्टेंबर २०१४ ला आयोत्झिनापाच्या अध्यापक विद्यालयातले ४३ विद्यार्थी एका रात्रीत नाहीसे झाले. ही ग्रामीण अध्यापक विद्यालयं क्रांतीनंतर शेतकऱ्यांच्या पोरांसाठी निघाली होती, खानखोजेंच्या शाळांच्या बहिणीच त्या. त्या पोरांचे आईबाप अजूनही फोटो घेऊन मोर्चे काढतात.

तरी हा देश हताश नाही. २०२० च्या जनगणनेनुसार १२ कोटी ६० लाखांचा हा समाज मृतांनासुद्धा नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी जेवायला बोलावतो, झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखून. झेंडूही त्यांचाच, आपण तो दसऱ्याला दारावर बांधतो. आणि हा समाज अधूनमधून हट्टाला पेटतो. २००७ साली मक्याची भाकरी महागली, कारण अमेरिकेत मका इथेनॉलकडं वळला होता, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २०२४ च्या डिसेंबरात व्यापारी लवादानं जनुकबदल मक्यावरच्या निर्बंधांवरून मेक्सिकोच्या विरोधात निकाल दिला. मेक्सिकोनं आयातीपुरतं ऐकलं, पण २०२५ च्या मार्चमध्ये घटनेत दुरुस्ती करून देशी मका राष्ट्रीय ओळखीचा भाग ठरवला आणि जनुकबदल मका देशात पेरायला बंदी घातली. गंमत अशी की जनुकबदल कापूस त्यांच्याच उत्तरेत १९९६ पासून पेरला गेला.

तो कापूसही आपल्या ओळखीचा. लोह्याच्या काळ्या रानात जो अमेरिकन कापूस म्हणून लावतात, त्याचं मूळ घर मेक्सिको. त्याआधी इथं गावरानी कापूस होता, नांदेडच्या बाजारात त्याचं नाव होतं. मग नांदेडच्याच संशोधन केंद्राचं एनएचएच ४४ आलं, ते आपलं होतं. २००२ पासून बीटी आला आणि आता दर मिरगाला पाकिटासाठी रांग. गावरानीचं बी किती घरात उरलं असेल? आता मका वाढतो आहे, कारण इथेनॉलचे कारखाने तो विकत घेत आहेत. भाव बरा असेल तर शेतकरी लावणारच, त्याला शिकवायला मी कोण? पण ज्या देशानं मका, मिरची आणि हा अमेरिकन कापूस पिकवायची सुरुवात केली, त्याला बी आणि भाव हातचा गेल्यावर काय भोगावं लागलं, ते माहीत असून लावावा.

कंधारला धोंडगे यांनी काढलेल्या संस्थेच्या नावातच 'मोफत' हा शब्द आहे, श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. या भागाला फुकट शाळेची कल्पना परकी नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ तासा-दीड तासावर आहे आणि चापिंगोत एका वर्ध्याच्या माणसाचा पुतळा उभा आहे. खानखोजेंनी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं शेतीविषयक साहित्य विद्यापीठानं चापिंगोतून मागवावं, मराठीत आणावं. आणि माळेगावच्या यात्रेत, जिथं मार्गशीर्षात खंडोबाच्या नावानं घोडे-गाढवांचा बाजार भरतो आणि शेतकऱ्याला आमंत्रण द्यावं लागत नाही, तिथं एक मंडप बियाणं ओळखण्याच्या शाळेला द्यावा. फी घेऊ नये.