ऋषिऋण कोणी फेडायचे?

विशेष शिक्षणात बी.एड. किंवा एम.एड. करू पाहणाऱ्याने आधी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता तपासावी. तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षकाचे काम कायद्याने करता येत नाही. फी ही त्यानंतरची गोष्ट. पण ती कोणी भरायची, हा मला हिशेबाइतकाच धर्माचाही प्रश्न वाटतो. आपल्या परंपरेत माणूस ऋणे घेऊनच जन्मतो आणि ऋषिऋण फिटते ते ज्ञान मिळवून पुढे दिल्याने. जो हे काम आपल्या सर्वांच्या वतीने करायला निघतो, त्यालाच बँकेच्या कर्जात लोटणे कोणत्या न्यायात बसते?

सेवेला त्याग हवाच, असे कोणी म्हणेल. मान्य, पण त्याग स्वेच्छेचा असतो. चाकणच्या कंत्राटी कामगाराची मुलगी फीपायी मागे फिरली, तर तिथे त्याग नसतो, नुसती अडवणूक असते. इंजिनिअरही स्वतःच फी भरतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक शिक्षक हवा, हे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले. म्हणजे ही गरज समाजाने स्वतःवर घेतलेली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्के सामाजिक खर्चाची जबाबदारी टाकली, आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांनी त्यातून ही फी भरावी, आणि बदल्यात खेड तालुक्यातल्या शाळांत काही वर्षे शिकवण्याची अट खुशाल घालावी.